शाखेतील डोमेन कंट्रोलरचे रेप्लिकेशन पुन्हा पुन्हा थांबते : कारणांचा शोध आणि उपाय

मुंबईतील मध्यम आकाराच्या अनेक कंपन्यांच्या नेटवर्कची रचना एकमेकींशी बरीच मिळतीजुळती असते. मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) किंवा लोअर परळला असते आणि तेथे दोन डोमेन कंट्रोलर, म्हणजे खाती आणि पासवर्ड सांभाळून लॉगिन तपासणारे विंडोज सर्व्हर, असतात; एखादे कार्यालय अंधेरीच्या एमआयडीसीत, कारखाना महापे येथे आणि गोदाम भिवंडीत असते, आणि या प्रत्येक ठिकाणी एकेकच डोमेन कंट्रोलर बसवलेला असतो. अशा रचनेत ही माहिती साठवणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचे रेप्लिकेशन (एका सर्व्हरवरचा बदल बाकीच्यांपर्यंत पोहोचणे) बंद पडण्याची तक्रार बहुधा शाखेच्या बाजूनेच येते, आणि ती एकदा येऊन थांबत नाही. नव्या कर्मचाऱ्याचे खाते बीकेसीत उघडलेले असते, पण भिवंडीत लॉगिन होत नाही. कोणाला तरी हिशेबाच्या फोल्डरसाठी ग्रुपमध्ये टाकलेले असते, पण फोल्डर उघडत नाही. मग शाखेतून फोन येतो, "साहेब, सर्व्हर रीस्टार्ट केला, आता चालतंय," आणि तिकीट बंद होते. काही दिवसांनी, विशेषतः पावसाळ्यात, तीच तक्रार तशीच परत येते.

माझा अनुभव असा की या समस्येवर सर्वांत जास्त वेळ खातो तो हा रीस्टार्टच. त्याने एकाच वेळी अनेक गोष्टी मूळपदावर येतात. डीएनएसची (नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या सेवेची) कॅशे रिकामी होते, नेटवर्क कार्डावर दिलेल्या डीएनएस सर्व्हरांचा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, केर्बेरॉसची (ओळख पटवण्याच्या पद्धतीची) तिकिटे नव्याने घेतली जातात, घड्याळ पुन्हा जुळवले जाते आणि अर्धवट अडकलेली आरपीसी (दुसऱ्या सर्व्हरकडून काम करून घेण्याची पद्धत) कनेक्शने तुटतात. यांपैकी नेमके कशामुळे काम सुरू झाले हे त्यानंतर कोणालाच सांगता येत नाही. शिवाय शाखेत कोणी रीस्टार्ट करीपर्यंत बऱ्याचदा तुटलेली लिंक मुळातच परत आलेली असते, आणि श्रेय मात्र रीस्टार्टच्या पदरात पडते. म्हणून या लेखातील सर्व पायऱ्या सर्व्हर बिघडलेल्या अवस्थेत असतानाच करायच्या आहेत, हे आधी शाखेतील माणसाला नीट समजावून सांगावे.

हा बिघाड आहे की नेहमीचा विलंब?

प्रत्येक उशीर म्हणजे बिघाड नव्हे. एकाच साइटमधील (एका ठिकाणच्या नेटवर्कमधील) डोमेन कंट्रोलर बदल झाल्यावर १५ सेकंदांत पहिल्या सोबत्याला कळवतात आणि त्यानंतर दर ३ सेकंदांनी पुढच्या सोबत्याला. दोन साइटमध्ये मात्र अशी वर्दी दिली जात नाही. तेथे साइट लिंकवर (दोन साइटमधील जोडणीच्या नोंदीवर) ठरवलेल्या वेळापत्रकाने काम चालते, आणि कोणी हात लावला नसेल तर ते अंतर १८० मिनिटांचे असते. म्हणजे बीकेसीत सकाळी अकराला केलेला बदल भिवंडीत दुपारी दोनच्या सुमारास पोहोचला, तर ती यंत्रणा सांगितल्याप्रमाणेच वागत आहे.

पासवर्डची गोष्ट वेगळी आहे. बदललेला पासवर्ड कोणताही डोमेन कंट्रोलर लगेच पीडीसी एम्युलेटरला (पासवर्ड आणि वेळ यांसाठी प्रमुख असलेल्या डोमेन कंट्रोलरला) कळवतो, आणि शाखेतील डोमेन कंट्रोलरला दिलेला पासवर्ड चुकीचा वाटला तर तो नकार देण्याआधी पीडीसी एम्युलेटरला विचारून घेतो. त्यामुळे नवा पासवर्ड शाखेत चालत नसेल, तर रेप्लिकेशनच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवू नये. शाखेपासून पीडीसी एम्युलेटरपर्यंतचा रस्ताच त्या वेळी बंद आहे, असे समजून तपास करावा.

खाते बंद करण्याच्या बाबतीत मात्र अशी कोणतीही घाई यंत्रणा करत नाही, आणि ही बाब मला फार गंभीर वाटते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते मनुष्यबळ विभागाच्या सांगण्यावरून मुख्य कार्यालयात बंद केले, तरी भिवंडीचा डोमेन कंट्रोलर पुढचे रेप्लिकेशन होईपर्यंत त्याला आत घेत राहतो. ज्या कंपनीत गोदामातील मालाच्या नोंदी याच लॉगिनवर चालतात, तेथे तीन तास हा थोडा काळ नाही. साइट लिंकचे अंतर कमी करून १५ मिनिटांवर आणता येते, त्याहून कमी करता येत नाही. पण लिंकच्या 'ऑप्शन्स' या गुणधर्मात पहिला बिट चालू केल्यास साइटबाहेरही बदलाची वर्दी दिली जाते. आज मुंबई आणि भिवंडीदरम्यान मिळणाऱ्या बँडविड्थमध्ये १८० मिनिटांचा मूळ आकडा तसाच ठेवण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

रीस्टार्टच्या आधी काय टिपून ठेवावे

रेप्लिकेशन ही ओढून घेण्याची क्रिया आहे. प्रत्येक डोमेन कंट्रोलर आपल्या सोबत्याकडून बदल स्वतः मागून घेतो, कोणी त्याच्यावर ढकलत नाही. म्हणून भिवंडीत बदल आला नसेल तर भिवंडीच्या सर्व्हरवर 'रेपअ‍ॅडमिन /शोरेपल' (रेप्लिकेशनची स्थिती दाखवणारी कमांड) चालवावे, आणि भिवंडीचा बदल बीकेसीत आला नसेल तर बीकेसीच्या सर्व्हरवर. ही साधी गोष्ट विसरली जाते, माणूस चुकीच्या सर्व्हरवरचे निकोप उत्तर पाहून समाधान मानतो आणि बिघाड दुसऱ्या बाजूला तसाच राहतो. सगळ्या सर्व्हरांचा गोषवारा हवा असेल तर 'रेपअ‍ॅडमिन /रेप्लसमरी' पुरते, पण निदान 'शोरेपल'वरच करावे.

त्या उत्तरात डिरेक्टरीतील माहितीच्या प्रत्येक विभागासाठी वेगळी नोंद असते. डोमेन, कॉन्फिगरेशन आणि स्कीमा हे तीन विभाग असतात, आणि डीएनएस अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतच साठवलेले असेल तर डोमेन-डीएनएस-झोन्स आणि फॉरेस्ट-डीएनएस-झोन्स हे आणखी दोन. प्रत्येक नोंदीत शेवटचा प्रयत्न केव्हा झाला, तो फसला असेल तर कोणत्या क्रमांकाच्या त्रुटीने, सलग किती वेळा अपयश आले आणि शेवटचे यश कधी मिळाले, हे लिहिलेले असते. एकाच सोबत्याकडून येणारे पाचही विभाग एकाच त्रुटीने अडले असतील, तर दोष नाव शोधण्यात, रस्त्यात किंवा ओळख पटवण्यात असतो. चार विभाग चालू आणि एकच अडलेला असेल, तर बहुतेक वेळा त्या विभागातील माहितीत किंवा त्यावरच्या अधिकारांत काहीतरी बिनसलेले असते. शेवटच्या यशाची वेळ तर सोन्यासारखी जपावी. ती वेळ इंटरनेट कंपनीच्या तक्रार नोंदीशी, फायरवॉलवरच्या बदलांच्या नोंदीशी आणि शाखेत वीज गेल्याच्या वेळेशी ताडून पाहिली की अर्धे निदान तेथेच होते.

याबरोबर चार गोष्टींची उत्तरे फाइलमध्ये साठवावीत : 'आयपीकॉन्फिग /ऑल' (नेटवर्कची मांडणी), 'आयपीकॉन्फिग /डिस्प्लेडीएनएस' (डीएनएसची कॅशे), 'केलिस्ट' (केर्बेरॉसची तिकिटे) आणि 'डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /स्टेटस' (घड्याळाची स्थिती). डिरेक्टरी सर्व्हिसचा इव्हेंट लॉग रीस्टार्टनंतरही राहतो, पण पहिली सोडून बाकीच्या तीन कमांडमधून दिसणारी त्या क्षणाची स्थिती राहत नाही. शाखेतील माणसाला तांत्रिक माहिती नसेल तर या कमांड एका बॅच फाइलमध्ये घालून तिची खूण सर्व्हरच्या डेस्कटॉपवर ठेवावी आणि "आधी हे चालवा, मग मला फोन करा" एवढेच सांगावे.

डीएनएस : सर्वाधिक वेळा येथेच सापडते

सोबत्याचा शोध कसा घेतला जातो ते माहीत असेल तर पुढचे सगळे सोपे जाते. भिवंडीचा सर्व्हर बीकेसीच्या सर्व्हरला त्याच्या साध्या नावाने शोधत नाही. प्रत्येक डोमेन कंट्रोलरला एक लांबलचक जीयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) असतो, आणि फॉरेस्टच्या (कंपनीच्या सर्व डोमेनच्या समूहाच्या) '_एमएसडीसीएस' या डीएनएस झोनमध्ये (नोंदींच्या विभागात) त्या जीयूआयडीच्या नावाने एक सीनेम (टोपणनावाची) नोंद असते. ती नोंद सर्व्हरच्या खऱ्या नावाकडे नेते, ते नाव आयपी पत्त्याकडे, आणि मग त्या पत्त्यावर पोर्ट १३५ वर आरपीसीची विचारणा होते. या साखळीतील पहिली कडी तुटली तर ८५२४ ही त्रुटी येते आणि लॉगमध्ये २०८७ हा इव्हेंट दिसतो.

विंडोज सर्व्हर २००३ च्या सर्व्हिस पॅक १ पासून त्यात एक सोय झाली. जीयूआयडीचे नाव सापडले नाही तर सर्व्हर पूर्ण डीएनएस नावाने आणि तेही जमले नाही तर नेटबायोस (जुन्या पद्धतीच्या छोट्या) नावाने प्रयत्न करतो. त्यात यश मिळाले की रेप्लिकेशन होते आणि लॉगमध्ये फक्त २०८८ हा इशारा उमटतो. काम झालेले असल्याने त्याकडे कोणी पाहत नाही. पण २०८८ दिसत असेल तर समजावे की गाडी पर्यायी रस्त्याने चालली आहे आणि तो रस्ता कधीही बंद होऊ शकतो. माझ्या मते देखरेखीच्या यंत्रणेत २०८७ इतकेच महत्त्व २०८८ लाही द्यायला हवे.

आता शाखेतील सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर डीएनएसचे कोणते पत्ते दिले आहेत ते पाहावे. पहिला पत्ता बीकेसीतील डोमेन कंट्रोलरचा आणि दुसरा इंटरनेट कंपनीच्या राउटरचा, किंवा ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसचा, असे चित्र फार वेळा दिसते. लिंक गेली तरी शाखेत इंटरनेट चालत राहावे, अशा चांगल्या हेतूनेच कोणीतरी तो दुसरा पत्ता भरलेला असतो. बिघाड त्यातूनच पुन्हा पुन्हा जन्माला येतो.

पावसाळ्याआधी रस्ते खोदले जातात, कुठेतरी फायबर तुटते, लिंक काही मिनिटे जाते किंवा नुसती मंदावते. त्या अवधीत पहिला डीएनएस उत्तर देत नाही, म्हणून विंडोजचा डीएनएस क्लायंट दुसऱ्याकडे वळतो आणि पहिल्याला काही काळ मागच्या क्रमांकावर टाकतो. लिंक परत आली तरी प्रश्न दुसऱ्याकडेच जात राहतात. सार्वजनिक डीएनएसला कंपनीच्या अंतर्गत नावांची माहिती असण्याचा प्रश्नच नाही. तो "असे नाव अस्तित्वात नाही" असे उत्तर देतो. येथेच गैरसमज होतो. दुसऱ्याने नाही म्हटले तर क्लायंट पहिल्याला पुन्हा विचारेल, असे बहुतेकांना वाटते. तसे होत नाही. "नाव नाही" हेही डीएनएसच्या दृष्टीने पूर्ण आणि वैध उत्तर आहे. पुढच्या सर्व्हरकडे जाणे फक्त उत्तरच न आल्यास घडते. अस्थिर लिंकवर हा उलटसुलट खेळ दिवसभर चालू राहतो, आणि कधी आपोआप सुरू, कधी बंद अशा स्वरूपात तक्रार येते.

उपाय नियम म्हणून पाळावा : डोमेन कंट्रोलरच्या नेटवर्क कार्डावर असा एकही डीएनएस पत्ता नसावा जो अंतर्गत झोनचे उत्तर देऊ शकत नाही. भिवंडीच्या सर्व्हरवर पहिला पत्ता बीकेसीतील डोमेन कंट्रोलरचा, दुसरा बीकेसीतीलच दुसऱ्याचा आणि शेवटी १२७.०.०.१ म्हणजे स्वतःचा, अशी मांडणी मी पसंत करतो. लिंक गेली तर सर्व्हर स्वतःकडे वळतो, आणि त्याच्याकडे झोनची प्रत असल्याने तेथेही उत्तर योग्यच मिळते; क्रम कितीही बदलला तरी काही बिघडत नाही. इंटरनेटची नावे शोधण्याचे काम नेटवर्क कार्डाचे नाही, डीएनएस सर्व्हरच्या फॉरवर्डरचे (बाहेरची नावे दुसऱ्या डीएनएसला विचारण्याच्या मांडणीचे) आहे. सार्वजनिक डीएनएसचा पत्ता तेथे खुशाल द्यावा. शाखेतील संगणकांना डीएचसीपीतून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेतून) मिळणारे पत्तेही याच नियमाने तपासावेत, कारण बऱ्याच शाखांत डीएचसीपी राउटरच वाटतो आणि तो स्वतःचाच पत्ता डीएनएस म्हणून देतो.

पडताळणीसाठी '_एमएसडीसीएस' झोनमधील जीयूआयडीचे पूर्ण नाव घेऊन 'एनएसलुकअप'ने यादीतील प्रत्येक पत्त्याला वेगवेगळे विचारावे. सगळ्यांचे उत्तर एकच यायला हवे.

डीएनएसमधला दुसरा वारंवार दिसणारा दोष दोन नेटवर्क कार्डांचा आहे. शाखेत बॅकअपसाठी एनएएस (नेटवर्कवरचे साठवण यंत्र) बसवले जाते आणि त्याच्यासाठी सर्व्हरचे दुसरे कार्ड वेगळ्या सबनेटवर (पत्त्यांच्या गटावर) जोडले जाते. ते कार्डही आपला पत्ता डीएनएसमध्ये नोंदवते, मग एकाच नावापुढे दोन पत्ते येतात आणि बीकेसीच्या सर्व्हरला कधी पोहोचता येणारा, तर कधी न पोहोचता येणारा पत्ता मिळतो. त्रुटी येते १७२२, म्हणजे आरपीसी सर्व्हर उपलब्ध नाही. झोनमधील चुकीची नोंद हाताने पुसली तर तेवढ्यापुरते बरे वाटते, पण डीएनएस क्लायंट दर २४ तासांनी आपली नोंद ताजी करतो, त्यामुळे पुसलेली नोंद दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर असते. त्या कार्डाच्या गुणधर्मांत डीएनएसमध्ये पत्ता नोंदवण्याची खूण काढावी आणि डीएनएस सर्व्हरच्या इंटरफेस यादीत फक्त मुख्य पत्त्यावरच ऐकण्याचे ठरवावे. या दोन्ही गोष्टी कराव्या लागतात; एक करून भागत नाही. त्याहूनही चांगले म्हणजे डोमेन कंट्रोलरवर दुसरे कार्ड ठेवूच नये.

बोगदा आणि फायरवॉल

डीएनएस निकोप असूनही १७२२, १७२७ किंवा १८१८ या त्रुटी येत राहिल्या तर रस्ता तपासावा. पोर्ट १३५ उघडे आहे एवढ्यावर समाधान मानू नये, कारण ते फक्त चौकशीचे पोर्ट आहे. प्रत्यक्ष काम विंडोज सर्व्हर २००८ पासून ४९१५२ ते ६५५३५ या पट्ट्यातील एखाद्या पोर्टवर होते. जुन्या फायरवॉलच्या नियमांत अजूनही १०२५ ते ५००० हा आधीचा पट्टा लिहिलेला सापडतो. एवढा मोठा पट्टा उघडायला सुरक्षा विभागाची तयारी नसेल, तर रजिस्ट्रीत एनटीडीएससाठी (डिरेक्टरी सेवेसाठी) आणि नेटलॉगॉनसाठी (लॉगिन सेवेसाठी) एकेक ठरावीक पोर्ट नेमता येते.

पण जी समस्या येते-जाते तिचे कारण पोर्टपेक्षा पॅकेटच्या आकारात असण्याची शक्यता अधिक. शाखेची मुख्य लिंक तुटली की फायरवॉल आपोआप ब्रॉडबँडवर व्हीपीएनचा बोगदा उभा करते. ब्रॉडबँड पीपीपीओई या जोडणी पद्धतीवर असेल तर तेथे १५०० ऐवजी १४९२ बाइटचे पॅकेट जाते, आणि आयपीसेकचे (बोगद्यातील माहिती सांकेतिक करण्याच्या पद्धतीचे) वेष्टन चढल्यावर जागा आणखी कमी होते. मोठ्या पॅकेटला "तुकडे करू नका" अशी खूण असेल आणि "पॅकेट मोठे आहे" हे सांगणारा आयसीएमपी संदेश वाटेतच अडवला जात असेल, तर ते पॅकेट गुपचूप नाहीसे होते. मग चित्र फसवे दिसते. पिंग चालते, पोर्ट तपासणी यशस्वी होते, 'डीसीडायग' या तपासणी साधनाची कनेक्टिव्हिटी चाचणी पास होते, एखाद्या खात्याचा फोन नंबर बदलला तर तोही पोहोचतो. पण शेकडो सदस्य असलेला ग्रुप किंवा नव्याने आलेली बरीच खाती पाठवायची वेळ आली की रेप्लिकेशन अडकते. मुख्य लिंक परत आली की सगळे सुरळीत होते आणि कारण कोणाच्या हाती लागत नाही.

हे पकडायला शाखा बोगद्यावर असतानाच बीकेसीच्या सर्व्हरला 'पिंग -एफ -एल १४७२' असे विचारावे. १४७२ आणि शीर्षाचे २८ मिळून १५०० होतात. उत्तर आले नाही तर आकडा उतरवत न्यावा आणि कोणत्या आकड्याला उत्तर येते ते टिपावे. उपाय फायरवॉलवर आहे : बोगद्याच्या इंटरफेसवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधील माहितीची कमाल मर्यादा) त्या मापाला बांधून द्यावा आणि आवश्यक आयसीएमपी संदेश अडवू नयेत. सर्व्हरवरचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बदलण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही, कारण शाखेतील बाकीची यंत्रे तशीच राहतात आणि पुढे सर्व्हर बदलला की कोणाच्या ते लक्षातही राहत नाही.

घड्याळ आणि वीज

केर्बेरॉसला मूळ मांडणीत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि तो ओलांडला की रेप्लिकेशन वेळेतील तफावतीच्या १३९८ या त्रुटीने किंवा प्रवेश नाकारल्याच्या त्रुटीने थांबते. डोमेनमधील वेळेची उतरंड स्पष्ट आहे : फॉरेस्टच्या मूळ डोमेनचा पीडीसी एम्युलेटर बाहेरून वेळ घेतो, बाकीचे डोमेन कंट्रोलर त्या उतरंडीतून. शाखेतील आभासी सर्व्हर मात्र ज्या यंत्रावर चालतो त्या यंत्राचीही वेळ घेत असेल, तर दोन मालक होतात. ते यंत्र जुने असून त्याची सीमॉस बॅटरी (वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारी) संपलेली असेल, तर प्रत्येक वेळी वीज जाऊन आल्यावर ते चुकीची वेळ घेऊन उठते आणि डोमेन कंट्रोलरलाही आपल्याबरोबर ओढते. हायपर-व्हीवर व्हीएमआयसी टाइम प्रोव्हायडर बंद करावा, व्हीएमवेअरवर टूल्समधील वेळ जुळवणी बंद करावी, आणि बॅटरीही बदलावी.

पीडीसी एम्युलेटरने बाहेरून वेळ कोठून घ्यावी हा आपल्याकडे आता केवळ आवडीचा प्रश्न नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी मिळवून ठेवायची आहेत, आणि लॉग १८० दिवस सांभाळायचे आहेत. डिरेक्टरी सर्व्हिसचा लॉग लहान आकारामुळे काही दिवसांतच पुसला जात असेल, तर त्याचा आकार वाढवण्यासाठी किंवा तो दुसरीकडे साठवण्यासाठी हे एक भक्कम कारण व्यवस्थापनापुढे मांडता येते.

विजेवरून आणखी एक गोष्ट. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडमधील बिघाडामुळे मुंबई महानगर क्षेत्राच्या मोठ्या भागात काही तास वीज नव्हती. अशा प्रसंगानंतर सगळे डोमेन कंट्रोलर एकदमच सुरू झाले, तर डीएनएस सेवा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या पहिल्या जुळवणीची वाट पाहत राहते, आणि ती जुळवणी डीएनएसवर अवलंबून असते. लॉगमध्ये ४०१३ हा इव्हेंट दिसतो आणि लॉगिनला बराच वेळ लागतो. येथे घाईने पुन्हा रीस्टार्ट केला तर ती वाट पाहणे पहिल्यापासून सुरू होते. आधी एक डोमेन कंट्रोलर पूर्ण उठू द्यावा, मग बाकीचे सुरू करावेत. आभासी यंत्रांना सुरू होण्याचा विलंब नेमून दिला तर हे माणसाविनाही साधते.

स्नॅपशॉट आणि फार दिवस बंद राहिलेला सर्व्हर

प्रत्येक डोमेन कंट्रोलर आपल्या बदलांना चढत्या क्रमाने यूएसएन (बदलाचा क्रमांक) देतो, आणि सोबती "तुझ्याकडची शेवटची कोणती नोंद माझ्याकडे आली आहे" हे बँकेच्या पासबुकासारखे जपून ठेवतात. सर्व्हरला जुन्या स्नॅपशॉटवर (आभासी यंत्राच्या साठवलेल्या स्थितीवर) परत नेले की त्याचे आकडे मागे जातात, तो जुनेच आकडे नव्या बदलांना देऊ लागतो आणि सोबती ते बदल मागतच नाहीत, कारण त्यांच्या नोंदीप्रमाणे ते आधीच मिळालेले असतात. ही स्थिती ओळखली गेली तर २०९५ हा इव्हेंट येतो आणि त्या सर्व्हरचे रेप्लिकेशन दोन्ही दिशांनी बंद केले जाते. विंडोज सर्व्हर २०१२ पासून, हायपरव्हायझरही (आभासी यंत्रे चालवणारी प्रणाली) साथ देत असेल तर, व्हीएम-जनरेशनआयडीमुळे (यंत्र मागच्या स्थितीला नेल्याचे ओळखवणाऱ्या क्रमांकामुळे) याला आळा बसतो. तरीही डोमेन कंट्रोलरचा स्नॅपशॉट हा बॅकअप मानू नये. रेप्लिकेशन पुन्हा चालू करणारी कमांड येथे वापरू नये. सर्व्हर सक्तीने डिमोट करावा (त्याचे डोमेन कंट्रोलरपद काढावे), इतर सर्व्हरांवर उरलेल्या त्याच्या नोंदी (मेटाडेटा) साफ कराव्यात आणि तो नव्याने उभा करावा.

बंद राहिलेल्या सर्व्हरचा प्रश्न २५ मार्च २०२० च्या देशव्यापी टाळेबंदीनंतर ठळकपणे पुढे येण्यासारखा होता. पुसलेल्या वस्तूंची खूण किती दिवस ठेवायची, हा कालावधी विंडोज सर्व्हर २००३ सर्व्हिस पॅक १ नंतर उभ्या केलेल्या फॉरेस्टमध्ये १८० दिवसांचा असतो. त्याआधीच्या फॉरेस्टमध्ये तो गुणधर्म रिकामाच राहिला असेल, तर ६० दिवसांचा. अशा जुन्या फॉरेस्टमधील गोदामाचा सर्व्हर २५ मार्चला बंद केला असता तर २४ मेलाच मुदत संपली असती. मुदत उलटल्यावर ८६१४ ही त्रुटी आणि २०४२ हा इव्हेंट येतो. येथे रजिस्ट्रीतील 'अलाऊ रेप्लिकेशन विथ डायव्हर्जंट अँड करप्ट पार्टनर' ही किल्ली चालू करून रेप्लिकेशन सुरू करण्याचा मोह होतो. तसे केल्यास कधीच पुसलेली खाती पुन्हा जिवंत होऊन सगळ्या फॉरेस्टमध्ये पसरण्याचा धोका असतो. आधी 'रेपअ‍ॅडमिन /रिमूव्हलिंगरिंगऑब्जेक्ट्स' ही कमांड अ‍ॅडव्हायझरी मोडमध्ये (काहीही न पुसता फक्त यादी देणाऱ्या) चालवून कोणत्या वस्तू शिल्लक आहेत ते लॉगमधील १९४६ क्रमांकाच्या नोंदींत वाचावे. मात्र एकच डोमेन कंट्रोलर असलेल्या शाखेसाठी माझे मत सरळ आहे : त्याच्याकडे दुसरीकडे नसलेले असे काहीच मोलाचे नसते, तेव्हा तो पुन्हा उभा करणे हेच कमी जोखमीचे आणि बहुधा कमी वेळाचे. लिंक मंद असेल तर मीडियावरून (डिस्कवर नेलेल्या डिरेक्टरीच्या प्रतीवरून) उभारणीची सोय वापरावी. आणि सर्व्हर गोदामाच्या उघड्या केबिनमध्येच राहणार असेल, तर या निमित्ताने तेथे विंडोज सर्व्हर २००८ पासून उपलब्ध असलेला फक्त-वाचनीय डोमेन कंट्रोलर बसवण्याचा विचार जरूर करावा.

रेप्लिकेशन निकोप असूनही शाखेत ग्रुप पॉलिसी (संगणकांना लागू होणारे नियम) जुनीच लागत असेल, तर तो सिसव्हॉलचा, म्हणजे त्या नियमांच्या फाइल ठेवणाऱ्या फोल्डरचा, विषय आहे. सिसव्हॉल डीएफएसआर या वेगळ्या फाइल-रेप्लिकेशन सेवेने वाहते आणि त्याचा लॉग वेगळा असतो. वीज अचानक गेल्यानंतर काही आवृत्त्यांत ते २२१३ हा इव्हेंट देऊन थांबते आणि माणसाने सुरू करेपर्यंत थांबूनच राहते. ६० दिवसांपेक्षा जास्त काळ तुटलेले राहिले तर ४०१२ येतो. 'रेपअ‍ॅडमिन'च्या उत्तरात यांतले काहीही दिसत नाही.

दुरुस्तीनंतरची पडताळणी

दोन्ही बाजूंना एकेक चाचणीची संपर्क नोंद तयार करावी आणि ती दुसऱ्या बाजूला पोहोचल्यावर तेथील सर्व्हरवर 'रेपअ‍ॅडमिन /शोऑब्जमेटा'ने पाहावी. प्रत्येक गुणधर्मापुढे तो बदल मुळात कोणत्या डोमेन कंट्रोलरवर, कोणत्या वेळी आणि कोणत्या यूएसएनने झाला हे लिहिलेले असते. त्या वेळेची नोंद प्रत्यक्ष पोहोचल्याच्या वेळेशी ताडली की साइट लिंकचे अंतर आपण ठरवले तसेच लागू झाले आहे की नाही, हे कळते. भिवंडीचे सबनेट 'साइट्स अँड सर्व्हिसेस'मध्ये नोंदवलेले आहे का, हेही याच वेळी 'एनएलटेस्ट /डीएसगेटसाइट'ने शाखेतील एखाद्या साध्या संगणकावरून पाहून घ्यावे. नसेल तर ते संगणक दाराशी डोमेन कंट्रोलर असताना लिंक ओलांडून बीकेसीत लॉगिन करत असतात, आणि नेटलॉगॉनचा ५८०७ हा इव्हेंट ते सांगत असतो.

शेवटची चाचणी शाखा बंद झाल्यावर, शनिवारी संध्याकाळी घ्यावी. इंटरनेट कंपनीला आणि शाखेच्या व्यवस्थापकांना आधी कळवून मुख्य लिंकची केबल अर्धा तास काढावी, बोगदा उभा राहिल्यावर बीकेसीत मोठा चाचणी ग्रुप तयार करावा, तो भिवंडीत पोहोचतो का ते पाहावे, मग केबल पुन्हा लावावी आणि कोणत्याही सर्व्हरला हात न लावता साइट लिंकच्या दोन फेऱ्या होऊ द्याव्यात. त्यानंतर भिवंडीच्या 'शोरेपल'मध्ये पाचही विभागांपुढे ताजे यश दिसले आणि लॉगमध्ये २०८७ किंवा २०८८ यांपैकी काहीच आले नाही, तर तिकीट बंद करावे. एक जरी दिसले, तर ते उघडे ठेवून त्या नोंदीच्या वेळेपासून पुन्हा डीएनएसच्या यादीकडे वळावे.